विमा-परिभाषेतील अर्थसंकर : मालमत्ता-विमा व दायित्व-विमा यांच्या मूळ संकल्पनांची भाषिक चिकित्सा

विम्याचा व्यवहार इतर खरेदी-विक्रीहून एका बाबतीत मुळातच निराळा आहे. धान्य घेणाऱ्याला धान्य दिसते, कापड घेणाऱ्याला कापड चाचपून पाहता येते. विमा घेणाऱ्याच्या हाती मात्र शब्दांखेरीज दुसरे काहीच पडत नाही. हप्त्याच्या मोबदल्यात त्याला मिळते ते एक लिखित वचन होय, आणि ते वचन ज्या भाषेत लिहिलेले असते तिच्या बाहेर त्याला अस्तित्व नसते. असे असूनही मराठीतील परिभाषाविषयक चर्चेने विम्याच्या भाषेकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम संमत झाला, आणि तेव्हापासून शासनव्यवहारातील प्रतिशब्दांवर भरपूर वाद झाले. परंतु ज्या शब्दांवर शेतकऱ्याचे गोदाम, दुकानदाराचा माल आणि वाहनचालकाचे उभे आयुष्य तोलले जाते ते शब्द त्या वादाच्या कक्षेबाहेरच राहिले.

ह्या शब्दांचा खरा अनुवादक कोशकार नव्हे, तर विमा एजंट होय. (‘अभिकर्ता’ हा घडीव शब्द कागदोपत्री आढळतो, परंतु कोणत्याही गावात ‘अभिकर्ता आले आहेत’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.) मूळ करारपत्र बहुधा इंग्रजीत असते. ग्राहकाला ती भाषा अवगत नसेल तर प्रस्तावपत्रावर एक छोटेसे प्रमाणपत्र जोडले जाते : वरील मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला असून तो त्याला समजला आहे. ह्या एका ओळीतून मराठी विमा-करारात प्रवेश करते. समजावून सांगताना कोणते शब्द वापरले गेले ह्याची नोंद कोठेही राहत नाही; आणि पुढे तंटा उद्भवला तर न्यायालयासमोर इंग्रजी शब्द येतात, ओसरीवर बोलले गेलेले मराठी शब्द येत नाहीत. म्हणून एजंटाला शिकविल्या जाणाऱ्या मूळ संकल्पनांचे मराठी रूप तपासणे हा केवळ शब्दच्छल नाही.

प्रारंभीच एक निवाडा पाहणे इष्ट ठरेल. युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी विरुद्ध हरचंदराय चंदनलाल ह्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो चोरीस गेलेल्या मालाचा. विमा होता ‘बर्ग्लरी’चा. करारपत्रातील व्याख्येप्रमाणे चोरीच्या आधी किंवा नंतर आवारात प्रत्यक्ष, सबळ आणि हिंसक असा प्रवेश वा निर्गम घडलेला असला पाहिजे, अशी अट होती. माल गेला होता ह्याबद्दल वाद नव्हता. बळजबरीच्या प्रवेशाची खूण मात्र नव्हती. राष्ट्रीय आयोगापर्यंत विमेदाराच्या बाजूने लागलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरविला : करारातील शब्दांचा जो अर्थ करारातच दिला आहे तोच बंधनकारक, फौजदारी कायद्यातील किंवा लोकव्यवहारातील अर्थ तेथे आणता येणार नाही. निकाल देऊन झाल्यावर न्यायालयाने असेही सुचविले की, व्याख्या इतकी कडक आहे की सामान्य माणसाला ती उमगणे कठीण आहे, तेव्हा कंपनीने तिच्यात योग्य तो फेरबदल करावा.

ह्या निवाड्यातील भाषिक प्रश्न मराठीच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. ‘बर्ग्लरी’ ह्या शब्दात फोडण्याची क्रिया दिसत नाही. ती व्याख्येने आत घालावी लागते. मराठीत मात्र ‘घरफोडी’ हा शब्द आयता आहे, आणि त्याच्या उत्तरपदातच कुलूप, कडी, भिंत किंवा कौले फोडण्याची क्रिया उघड बसलेली आहे. करारातील अर्थ जर कोणत्या एका मराठी शब्दाने जवळजवळ संपूर्ण व्यक्त होत असेल तर तो ह्याने होतो. तरीही ह्या विम्याला बाजारात नाव पडले आहे ते ‘चोरीचा विमा’! चोरी हा व्यापक शब्द. नोकराने गल्ल्यातून उचललेली रक्कम, गिऱ्हाइकाने नजर चुकवून नेलेला ऐवज, उघड्या दारातून गेलेले पोते, हे सर्व तिच्यात येते. घरफोडीत ते येत नाही. म्हणजे येथे परकीय शब्दाने घोटाळा केलेला नाही. जवळचा नेमका शब्द टाकून सैल शब्द उचलल्यामुळे तो झाला आहे. इतकेच ध्यानात ठेवले पाहिजे की पोलिसी व्यवहारातील ‘घरफोडी’ ही करारातील घरफोडीहून थोडी रुंद आहे. भारतीय दंड संहितेच्या ४४५ व्या कलमात माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने केलेला प्रवेशही तीत मोडत असे (१ जुलै २०२४ पासून ह्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे). तेव्हा शब्द घरफोडीचा असावा आणि त्याला ‘काहीतरी फुटलेले, तुटलेले दिसले पाहिजे’ अशी जोड असावी, एवढे केले तरी वरील खटल्यातील अपेक्षाभंग बराचसा टळला असता.

आता मूळ संकल्पनांकडे वळावे. एजंटाच्या शिक्षणात पहिल्याच पाठात तीन शब्द येतात : ‘रिस्क’, ‘पेरिल’ आणि ‘हॅझर्ड’. पेरिल म्हणजे नुकसान घडविणारे कारण, उदाहरणार्थ आग. हॅझर्ड म्हणजे ते कारण घडण्याची शक्यता वा त्याची तीव्रता वाढविणारी परिस्थिती, उदाहरणार्थ गोदामात साठविलेले रॉकेल. आणि रिस्क म्हणजे नुकसान होईल की नाही ह्याची अनिश्चितता. मराठीत ह्या तिन्हींना सर्रास ‘धोका’ म्हटले जाते, आणि तिथेच विचाराचा धागा तुटतो. कारण विमा उतरविला जातो तो पेरिलसाठी, हप्ता ठरतो तो हॅझर्डवरून, आणि कंपनी पत्करते ती रिस्क. तिघांना एकच नाव दिल्यावर ‘गोदामात रॉकेल ठेवले आहे हे का सांगायचे? विमा तर आगीचा आहे’ असे ग्राहकाने विचारले तर त्यात त्याचा दोष नाही.

‘जोखीम’ ह्या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मराठीत जोखीम म्हणजे संकटाची शक्यता, हे खरे. पण त्याचबरोबर ज्या मौल्यवान वस्तूवर ते संकट येऊ शकते ती वस्तूही जोखीमच. प्रवासात ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणणाऱ्या बाईच्या मनात संभवनीयतेचे गणित नसते, गळ्यातला दागिना असतो. आश्चर्य असे की विमा-व्यवसायातील इंग्रजीतही ‘रिस्क’ हा शब्द नेमक्या ह्याच दोन अर्थांनी वापरला जातो. विमा-निरीक्षक ‘रिस्क पाहून आलो’ म्हणतो तेव्हा तो इमारत पाहून आलेला असतो. पश्चिम भारतातील पेढीवाल्यांच्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ होती. माल मुक्कामी पोचला तरच ती देय होई, म्हणजे हुंडी आणि सागरी विमा एकाच कागदात नांदत. ह्या परंपरेचा विचार करता जोखीम हा शब्द विमा-परिभाषेत कोशातून आणून बसविलेला नाही, तो तेथलाच रहिवासी आहे. त्याला ‘रिस्क’साठी राखून ठेवावे आणि ‘धोका’ हा शब्द परिस्थितीसाठी, म्हणजे हॅझर्डसाठी वापरावा, हे सुलभ होईल.

राहता राहिला ‘पेरिल’. त्यासाठी ‘आपदा’, ‘संकट’, ‘विपत्ती’ असे अनेक प्रतिशब्द सुचविता येतात. परंतु जुन्या कागदपत्रांतील ‘अस्मानी-सुलतानी’ ह्या जोडशब्दाचे विस्मरण का व्हावे हे कळत नाही. अवर्षण, अतिवृष्टी, वीज ही अस्मानी. लूट, दंगा, सैन्याची धाड ही सुलतानी. आगीच्या प्रमाणित विमापत्रात जी संकटे नावानिशी दिलेली असत त्यांचे दोन मोठे गट नेमके ह्याच रेषेवर पडतात : वादळ, चक्रीवादळ, पूर, जलप्रलय हा एक, आणि दंगल, संप, द्वेषमूलक नासधूस हा दुसरा. घरांसाठी आणि लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा आदी विमापत्रांतही ही संकटे आहेतच. ‘नावानिशी संकटे’ ह्या तत्त्वाचा अर्थ असा की जे नाव यादीत नाही त्याची भरपाई नाही. ह्याउलट ‘सर्व जोखमी’ असे शीर्षक असलेल्या विमापत्रात अपवादांची यादी असते, आणि नुकसान त्या अपवादात बसते हे कंपनीने सिद्ध करावयाचे असते. शीर्षकातील ‘सर्व’ हा शब्द मराठीतही इंग्रजीइतकाच फसवा आहे.

यादीतील नावांच्या भाषांतराबाबतही असाच निष्काळजीपणा दिसतो. ‘फ्लड’ आणि ‘इनंडेशन’ ही दोन नावे मूळ यादीत शेजारी शेजारी आहेत. मराठीत दोन्हींना ‘पूर’ म्हटले की दुसरे नाव का घातले होते हेच नाहीसे होते. पूर हा मराठी माणसाच्या मनात नदीला येतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा नदीपासून दूर असलेल्या कितीतरी तळघरांत आणि दुकानांत पाणी भरले. अशा दुकानदाराला ‘पुराचा विमा’ आहे असे सांगितले असेल तर आपल्याला तो लागू नाही असे समजून तो गप्प बसण्याचा संभव असतो. ‘जलमय होणे’ हे साधे शब्द त्यासाठी पुरेसे आहेत.

ह्या सर्वांहून मोलाची, आणि मराठीत सर्वाधिक कोंडी झालेली संकल्पना म्हणजे ‘इंडेम्निटी’. मालमत्ता-विमा आणि दायित्व-विमा ह्या दोन्ही शाखा ह्याच एका खांबावर उभ्या आहेत. विम्याने विमेदाराला नुकसानीपूर्वीच्या स्थितीत आणावे. त्याहून चांगल्या स्थितीत नव्हे. मराठीत ह्यासाठी ‘नुकसानभरपाई’ हा शब्द रूढ आहे. तो मालमत्तेच्या बाबतीत बऱ्यापैकी चालतो. खड्डा पडला, तो भरला. परंतु दायित्वाच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण ‘भरपाई’त आधी खड्डा पडणे गृहीत आहे. विमेदाराने प्रथम स्वतःच्या खिशातून पैसे द्यावेत आणि मग कंपनीकडे भरपाई मागावी, असा अर्थ त्यातून निघतो. वस्तुतः इंडेम्निटीचा अर्थ इजा भरून काढणे एवढाच नाही, इजा पोचूच न देणे हाही आहे. १९४२ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छगला ह्यांनी भारतीय करार अधिनियमाच्या १२४ व १२५ ह्या कलमांची चर्चा करताना हाच मुद्दा निर्णायक मानला : ही कलमे संपूर्ण नाहीत, आणि देणे निश्चितपणे अंगावर आले असेल तर प्रत्यक्ष पैसे भरण्याची वाट न पाहता माणूस इंडेम्निटी देणाऱ्याकडे मागणी करू शकतो.

ह्या अर्थाचा मराठी शब्द शोधण्यासाठी संस्कृत कोशाकडे धाव घेण्याचे कारण नाही. तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बसलेल्या दस्तलेखकाकडे तो आहे. मराठी खरेदीखतात लिहून देणारा लिहून घेणाऱ्यास सांगतो की, ह्या मिळकतीबाबत आपणास कोणाचीही तोशीस लागू देणार नाही, आणि तशी लागल्यास तिचे निवारण आपण स्वखर्चाने करून देऊ. ‘तोशीस लागू न देणे’ ही इंडेम्निटीची अचूक मराठी संज्ञा होय. तीत भरपाई आहे, पण तिच्या आधी संरक्षण आहे. शिवाय निवारणाची, म्हणजे खटला लढविण्याची जबाबदारीही आहे, जी दायित्व-विम्याचा अर्धा भाग असते. एजंटाने दुकानदाराला ‘तुमच्यावर दावा झाला तर कंपनी तुम्हाला तोशीस लागू देणार नाही’ असे सांगितले, तर कोणत्याही ‘क्षतिपूर्ती’पेक्षा किंवा ‘हानिरक्षणा’पेक्षा त्याला अधिक कळेल. परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनी हा शब्द का उचलला नाही ह्याचे उत्तर कदाचित एवढेच असावे की तो संस्कृत दिसत नाही.

भाषांतराने अर्थ कसा उलटतो ह्याचा सर्वांत ठळक नमुना ‘ॲव्हरेज’ ह्या शब्दाचा आहे. मालमत्ता-विम्यात ‘ॲव्हरेज’चे कलम असते. चाळीस लाखांच्या इमारतीचा विमा तीस लाखांचाच उतरविला आणि आठ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी आठ लाख देत नाही; तीस भागिले चाळीस ह्या प्रमाणात सहा लाख देते. उरलेल्या दोन लाखांचा विमेदार स्वतःच विमाकर्ता मानला जातो. ह्या कलमाला ‘सरासरीचे कलम’ म्हणण्याचा मोह सहज होतो, आणि तो सपशेल चुकीचा आहे. येथे कशाचीही सरासरी काढलेली नाही. मूळ अरबीत दोष किंवा इजा असा अर्थ असलेला शब्द भूमध्य समुद्राच्या व्यापारातून इटालियनमध्ये ‘अवारिया’ झाला, फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, आणि जहाजावरील मालाच्या नुकसानीला ‘ॲव्हरेज’ म्हणू लागले. ते नुकसान सर्व संबंधितांत प्रमाणशीर वाटून घेण्याच्या रीतीवरून पुढे गणितातील सरासरीचा अर्थ जन्माला आला. म्हणजे मराठी अनुवादक नातवाचे नाव आजोबांना देऊन मोकळा होतो! ‘कमी विम्याची कपात’ हे वर्णन ओबडधोबड असले तरी खरे आहे. भारत गृह रक्षा विमापत्रात घरांसाठी ही कपात माफ केलेली आहे, आणि लहान उद्योगांच्या विमापत्रांत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट सोडून दिलेली आहे. तेव्हा कपात म्हणजे काय हेच ज्याला कळले नाही त्याला ही सवलत तरी काय कळणार?

‘प्रॉक्सिमेट कॉज’चे ‘निकटतम कारण’ हे भाषांतर शब्दशः बरोबर आणि म्हणूनच घातक आहे. निकट म्हणजे जवळचे. आणि घटनांच्या ओळीत जवळचे म्हणजे शेवटचे, असा सरळ ग्रह होतो. १९१८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निकालात काढलेल्या लेलंड शिपिंग कंपनीच्या खटल्यात नेमका हाच ग्रह खोडून काढला आहे. ‘इकारिया’ हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये पाणतीराने फुटले; ते कसेबसे ल हाव्र बंदरात आणले गेले; तेथे वाऱ्याने धक्क्यावर आदळू लागल्याने त्याला बाहेरच्या बाजूस हलविले, ओहोटीला ते तळाला टेकू लागले आणि अखेर बुडाले. शेवटचे कारण समुद्र. आणि समुद्राच्या संकटांचा विमा होता, युद्धाच्या संकटांचा नव्हता. परंतु न्यायालयाने ठरविले की खरे कारण पाणतीरच, कारण जहाज त्याच्या तडाख्यातून कधी सुटलेच नाही. कारणे साखळीसारखी नसून जाळ्यासारखी असतात, त्यांतील प्रभावी कोणते ते पाहावयाचे. तेव्हा ‘प्रभावी कारण’ किंवा त्याहून साधे ‘खरे कारण’ म्हणावे. ‘निकटतम’ला रजा द्यावी.

‘इन्शुरेबल इंटरेस्ट’साठी येणारा ‘हितसंबंध’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे, पण वृत्तपत्रांनी त्याला डाग लावला आहे. ‘ह्या प्रकरणात कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत?’ असा प्रश्न मराठीत कौतुकाने विचारला जात नाही. त्याशिवाय, एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या समाजात ‘आपले’ आणि ‘माझे’ ह्यांतील सीमा पुसट असते. कारखाना खासगी कंपनीच्या नावे, आणि विमा मात्र थोरल्या भावाच्या नावे, अशी गोष्ट अशक्य नाही. १९२५ सालच्या मकॉरा खटल्यात लाकडाच्या साठ्याची मालकी कंपनीकडे होती; कंपनीचे जवळजवळ सर्वस्व असलेल्या गृहस्थाने विमा स्वतःच्या नावे उतरविला होता; साठा जळाला आणि त्याला काहीही मिळाले नाही. ‘वस्तू गेली तर कायद्याने नुकसान कोणाचे?’ हा प्रश्न हितसंबंधाच्या व्याख्येपेक्षा अधिक कामाचा आहे.

परम सद्भावाचे तत्त्व १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोम ह्या खटल्यापासून सांगितले जाते. सुमात्रातील इंग्रज किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ल्याचा विमा उतरविला होता, फ्रेंचांनी तो घेतला. आणि गंमत अशी की न उघड केलेल्या गोष्टींबद्दलचे हे तत्त्व सांगणाऱ्या लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयात निकाल विमेदाराच्याच बाजूने लागला. भाषेच्या अंगाने मुद्दा इतकाच की ‘लपविणे’ ह्या मराठी क्रियापदात हेतू आहे, तर विमा-कायद्यातील दोष नुसत्या न सांगण्यानेही घडतो. ‘काही लपवू नका’ ह्याऐवजी ‘न विचारलेलेही सांगा’ असे म्हणावे लागेल. ‘वॉरंटी’बद्दल एक वाक्य पुरे : दुकानात ती विक्रेता देतो, विम्यात ती गिऱ्हाईक देते, आणि सागरी विमा अधिनियम, १९६३ च्या ३५ व्या कलमाप्रमाणे ती तंतोतंत पाळावी लागते, मग तिचा जोखमीशी संबंध असो वा नसो.

‘सब्रोगेशन’साठी ‘प्रत्यासन’ हा शब्द घडविण्यात आला आहे. त्याने एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द बसविला, ह्यापलीकडे काही साधले नाही. येथे मराठीच्या प्रकृतीचाच प्रश्न उपस्थित होतो. विमा-इंग्रजी नामांवर चालते, मराठी क्रियापदांवर चालते. १८८३ च्या कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन खटल्यातील हकीकत सांगावी : घर विकण्याचा करार झाला, खरेदी पुरी होण्याआधी आग लागली, विमा कंपनीने ३३० पौंड दिले, पुढे खरेदीदारानेही ठरलेली पूर्ण किंमत दिली, तेव्हा कंपनीने आपले पैसे परत मिळविले. ‘कंपनीने तुमचे पैसे चुकते केले की, तुम्ही ज्याच्याकडून वसूल करू शकला असता त्याच्याकडून ती तुमच्या जागी उभी राहून वसूल करते, आणि तुम्हाला दोन्हीकडून मिळू शकत नाही.’ एवढे वाक्य एजंटाला येत असेल तर संज्ञा ‘सब्रोगेशन’ राहिली तरी हरकत नाही.

दायित्व-विम्यात हीच अडचण अधिक तीव्र होते, कारण तेथे शब्दाबरोबर नैतिक भावनाही येते. ‘लायबिलिटी’साठी रूढ असलेला ‘जबाबदारी’ हा शब्द मराठीत तीन ठिकाणी राबतो : कर्तव्य, दोष आणि देणे. ‘अपघाताला जबाबदार कोण?’ ह्या वाक्यात तो दोष आहे. त्यामुळे कारखानदार एजंटाला विचारतो, ‘माझी चूक नसेल तर मी जबाबदार कसा?’ ह्या प्रश्नाला दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : धोकादायक उद्योग चालविणारा, त्याने सर्व काळजी घेतलेली असली तरी, होणाऱ्या हानीबद्दल संपूर्णपणे बांधील असतो. भोपाळची दुर्घटना (१९८४) त्या निवाड्याच्या पाठीशी उभी होती. आणि पुढे १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम आला, ज्यात दोष सिद्ध न करता मदत देण्याची तरतूद आहे. दोषाविना देणे ही कल्पना ‘जबाबदारी’ ह्या शब्दात मावत नाही. ‘देणे लागणे’ ह्या मराठी वाक्प्रचारात ती सहज मावते. त्यात ऋण आहे, ठपका नाही. ‘दायित्व’ हा शब्द शीर्षकापुरता राहू द्यावा, परंतु त्याचा अर्थ सांगताना ‘कायद्याने दुसऱ्याचे जे देणे तुम्ही लागाल ते’ असेच म्हटले पाहिजे.

त्याच शाखेतील ‘थर्ड पार्टी’ला ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणण्याची रूढी आहे. मोटारींसाठी हा विमा १९४६ पासून सक्तीचा आहे, आणि आज १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १४६ वे कलम ती सक्ती करते. म्हणजे हा शब्द महाराष्ट्रात बहुधा विम्यातील इतर कोणत्याही शब्दापेक्षा अधिक तोंडांतून जातो. परंतु मराठीत त्रयस्थ म्हणजे ज्याचा त्या प्रकरणाशी संबंध नाही, जो अलिप्त आहे, निःपक्ष आहे. ‘एखाद्या त्रयस्थाला विचारा’ असे आपण म्हणतो. मोटारीखाली सापडलेला पादचारी हा त्या घटनेतील सर्वांत कमी त्रयस्थ मनुष्य होय! कराराच्या दृष्टीने तो तिसरा, हे खरे. पण वेदनेच्या दृष्टीने तो पहिला. हा विमा गाडीमालकाने आपल्यासाठी घेतलेला नसून रस्त्यावरील माणसासाठी घेतलेला आहे, हे त्या नावातून कोणालाही कळत नाही. परिणाम असा की स्वतःच्या गाडीची दुरुस्ती त्यातून होत नाही हे कळल्यावर मालकाला तो निरर्थक भुर्दंड वाटतो. ‘तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा’ हे म्हणणे कानाला गोड नसेल. अर्थाला मात्र इमानी आहे.

‘क्लेम’साठी आपण ‘दावा’ म्हणतो. मालमत्ता-विम्यात एकच मागणी असते, विमेदाराची कंपनीकडे. तेथे गोंधळ होत नाही. दायित्व-विम्यात दोन असतात. जखमी माणूस विमेदाराकडे मागतो, विमेदार कंपनीकडे मागतो. आणि मराठीत दावा म्हणजे पुन्हा न्यायालयात लावलेला खटलाही. काही विमापत्रे घटना कोणत्या तारखेस घडली ते पाहतात, काही मागणी कोणत्या तारखेस झाली ते पाहतात. दुसऱ्या प्रकारात ‘दावा’ म्हणजे कोणता, हे न कळल्यास मुदत टळते. वकिलाची नोटीस आली तरी ‘दावा अजून लागलेला नाही’ म्हणून ती कपाटात ठेवणारा डॉक्टर भाषेच्या दृष्टीने मुळीच चुकत नाही. बाहेरच्या माणसाच्या मागणीस ‘मागणी’, कंपनीकडे पाठविण्याच्या अर्जास ‘क्लेम’ आणि न्यायालयातील प्रकरणास ‘दावा’ अशी विभागणी केली तर तिन्ही शब्द मराठी माणसाच्या तोंडचेच राहतात.

ह्याच ठिकाणी आणखी एक कलम येते, ज्याचे भाषांतर शब्दाने होण्यासारखे नाही. दायित्व-विमापत्रात सामान्यतः अट असते की कंपनीच्या संमतीवाचून विमेदाराने दोष कबूल करू नये किंवा काही देण्याचे वचन देऊ नये. मराठी समाजात अपघाताच्या जागी पहिले वाक्य उच्चारले जाते ते ‘चूक झाली, काय लागेल ते देतो’ हे. ते न्यायालयीन कबुलीजबाबाच्या अर्थाने उच्चारलेले नसते. चिडलेल्या जमावासमोर ते शिष्टाचाराचे, आणि अनेकदा जीव वाचविण्याचे वाक्य असते. विमापत्र मात्र त्याला कबुली समजू शकते. जखमीला दवाखान्यात पोचवावे, त्याच्याजवळ थांबावे, पोलिसांस व कंपनीस त्वरित कळवावे, आणि ‘वाईट झाले’ असे म्हणावे. ‘माझ्यामुळे झाले’ असे कागदावर लिहून देऊ नये, हा भेद एजंटाने विमापत्र हाती देतानाच तोंडी सांगावयाचा असतो, कारण अपघाताच्या वेळी विमापत्र वाचावयास कोणी बसत नाही.